मेलेल्याने ओ द्यायची नसते

आमच्या घरात कोणी हाक मारली की ओ द्यायची, असा नियम आहे. तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठं, सगळ्यांच्याच घरी असतो. नाही हो, असा नाही. तुमच्याकडे ज्याला हाक मारली तो ओ देतो, आणि हल्ली तर तोही देत नाही, मोबाइलमध्ये बघत बसतो. आमच्याकडे हाक कोणालाही मारलेली असो, ज्याच्या कानावर पडेल त्याने ओ द्यायची. खाली रस्त्यावर भंगारवाल्याने आपल्या जोडीदाराला हाक मारली तरी आमच्या खिडकीतून ओ जाते. तो बिचारा वर बघतो. मग आमचे हे त्याला हाताने दाखवतात, की बाबा, तुझा माणूस त्या गल्लीत गेलाय.

ही सवय मिठागरातली. माझे सासरे आणि त्यांचे भाऊ खाडीकाठी मीठ पिकवायचे. एक माणूस बांधाच्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला, मध्ये नुसतं पाणी आणि चिखल. भरतीची वेळ झाली की एकमेकांना हाका मारत घरी यायचं. ओ आली की माणूस ठीक आहे. ओ आली नाही, तर तो कुठेतरी रुतला असं धरून सगळ्यांनी धावत सुटायचं. वारा उलटा असला आणि आवाज पोचत नसला तर हात वर करायचा, तीसुद्धा ओच. मी कळव्याची, माझ्या माहेरी असलं काही नव्हतं. लग्न होऊन कोपरला आले, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी बाहेरून कोणीतरी ओरडलं, "अरं, कोन हाय का घरान?" तर घरातून सगळ्या खोल्यांमधून "ओऽऽ" आली. मी नवी नवरी, लाजून गप्प बसले. सासूबाई धावत आल्या आणि माझ्या कपाळाला हात लावून बघितला. त्यांना वाटलं, सूनबाईंना ताप भरला.

आता मिठागर गेलं. जमीन बिल्डरला दिली, त्याने तिथे बिल्डिंग उभी केली, आणि आमचं सगळं खानदान एकाच बिल्डिंगमध्ये डबे रचावे तसं एकावर एक रचून ठेवलं. खाली धाकटी जाऊ, मधल्या मजल्यावर चुलत दीर, वर आम्ही. प्रत्येक घरात इंटरकॉम आहे. त्याच्यावर कापडाचं कव्हर घालून ठेवलंय, धूळ बसू नये म्हणून. बोलायचं झालं तर आम्ही खिडकीतून बोलतो. "वहिनी गोऽ, आज कालवन कशाचा?" असं जावेने खालून विचारलं की सगळ्या मजल्यांवरून आपापल्या कालवणाचं नाव येतं. त्यात आमचे हे. जन्मभर वागळे इस्टेटमध्ये पत्रे ठोकायच्या कारखान्यात होते. मशीनच्या आवाजाने त्यांचे कान अर्धे झाले आणि बोलणं दुप्पट. ते कानात गुपित सांगतात तेव्हा समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईसुद्धा मान डोलावतात.

अशा घरात माझी नात वाढली, आणि तिला काय व्हायचं होतं? तर नाटकात काम करणारी.

पाचवीत असताना ती एक दिवस शाळेतून आली आणि दप्तरही न टाकता म्हणाली, "आजी, गॅदरिंगचं नाटक आहे. उद्या ऑडिशन."

मी म्हटलं, "ते काय असतं गो?"

"नाटकाच्या बाई सगळ्यांना बोलायला लावतात. जो चांगलं बोलेल त्याला घेतात."

मी म्हटलं, "हात्तिच्या! मग तुला घेतलीच म्हणून समज. आपल्या घरात बोलण्याशिवाय दुसरं येतं काय?"

झालं असं, की वर्गात एक मुलगी राजा म्हणून उभी होती आणि बाकीच्या बाहेर व्हरांड्यात रांगेत. राजाचं पहिलंच वाक्य, "कोण आहे रे तिकडे?" आता राजाने विचारल्यावर कोणी उत्तर द्यायचं, ते नाटकात ठरलेलं असतं. आमच्या नातीने बाहेरून दणकून दिली, "ओऽऽ! मी आहे!" आणि दार ढकलून सरळ आत. बाईंनी तिला परत रांगेत नेऊन उभी केली. राजाने पुन्हा सुरुवात केली, "कोण आहे रे तिकडे?" "ओऽऽ!"

तिला झाड केलं. झाडाला तोंडावरून पानं बांधली होती.

पण पोरगी हिरमुसली नाही. झाडाच्या कामाचीसुद्धा तिने घरी तालीम केली, आणि गॅदरिंग संपल्यावर पानं काढता काढता मला म्हणाली, "आजी, पुढच्या वर्षी बोलणार. एक वाक्य तरी बोलणारच. स्टेजवर, माझ्या तोंडाने, आणि सगळ्यांनी ऐकायचं." बास, तेवढंच तिला हवं होतं. राणी नको, परी नको. पोरीला बोलायचं होतं.

सहावीत तिने ठरवलं, आवाज कमी करायचा. महिनाभर घरात कुजबुजत होती. आमच्या घरात कुजबुजणारं माणूस म्हणजे आजारी माणूस. जावेने खालून काढा पाठवला. दिराने दृष्ट काढायला सांगितली. आणि ऑडिशनला ती इतकं हळू बोलली, की बाई म्हणाल्या, "बाळा, घाबरू नकोस, सुरू कर." तेव्हा तिचं सगळं बोलून झालं होतं.

सातवीच्या वेळी मात्र मी स्वतः लक्ष घातलं. रडण्याचा प्रवेश होता. एका म्हाताऱ्या राणीचा मुलगा लढाईत जातो, आणि ती रडते. नात म्हणाली, "आजी, मला रडूच येत नाही. सगळ्या मुली नुसतं तोंडावर हात धरून हुं हुं करतात."

मी म्हटलं, "त्याला रडणं म्हणतात? बस इथे."

आता आमच्या जुन्या बायकांचं रडणं तुम्ही ऐकलं असेल-नसेल. गेलेल्या माणसाला नावाने हाक मारायची, हेल काढायचा, आणि त्याने आयुष्यात काय काय केलं ते सगळं सांगत सांगत रडायचं. ऐकणाऱ्याला माणूस कळतो आणि रडणारीला पुढचं सुचत जातं. माझ्या आत्तेसासूबाई तर अशा रडायच्या, की दुसऱ्या गावचे लोक थांबून ऐकायचे. मी नातीला पदर कसा घ्यायचा, मान कशी हलवायची, हेल कुठे तोडायचा, सगळं शिकवलं. पोरगी हुशार. दोन दिवसांत इतकी तयार झाली, की आमचे हे बाजारातून आले आणि चप्पल न काढता दारातच बसले. म्हणाले, "कोण गेलं?"

ऑडिशनला तिने सुरू केलं, "माझ्या राजाऽऽ रं, आता चिंबोऱ्या कोन आनील रंऽऽ! तुझा मोबाइल कोन चार्ज करील रंऽऽ!" दोन्ही सुचलेलं तिचं स्वतःचं बरं का, मी फक्त हेल शिकवला होता. शेजारच्या वर्गातल्या बाई पळत आल्या. शिपाई आला. मुख्याध्यापकांनी खालून निरोप पाठवला, की कोणाच्या घरून फोन आला आहे का. पहिल्या बाकावरच्या दोन मुली खऱ्याच रडायला लागल्या होत्या, त्यांना पाणी दिलं.

नाटकाच्या बाई चांगल्या होत्या. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बाळा, तुझं काम फार खरं झालं. पण ही राणी राजवाड्यातली आहे. तिच्याकडे चिंबोऱ्या-खेकडे आणायला नोकर असतील." आणि तिला पडदा ओढायला ठेवलं.

मी दुसऱ्या दिवशी शाळेत भांडायलाच निघाले होते. नातीने मला जिन्यात अडवलं. "आजी, तू येऊ नकोस. तू आलीस तर मला पडदासुद्धा देणार नाहीत."

आठवीत काय झालं ते सांगते. त्या वर्षी ती म्हणाली, "आजी, मी विचार केलाय. बोलायची कामं मिळत नाहीत, तर आधी गप्प राहायचं काम घ्यायचं. बाईंचा विश्वास बसेल. मग पुढच्या वर्षी बोलायचं." किती डोकं बघा! नाटकात एक सैनिक पहिल्याच प्रवेशात मरून पडतो, आणि त्याचा मित्र त्याच्याजवळ बसून खूप बोलतो. सैनिकाने फक्त पडून राहायचं. त्यासाठीसुद्धा ऑडिशन होतीच.

घरी मरण्याची तालीम सुरू झाली. पोरगी सोफ्यावर आडवी पडायची. आणि आमच्या घरात कोणी मरून पडायची सोय आहे का? खालून जाऊ हाक मारायची, "बाय गोऽ, कोथिंबीर हाय का?" की प्रेत उठून म्हणायचं, "ओऽ, हाय!" तिची आई, माझी सून, ओरडायची, "अगं, मेली आहेस ना तू?" पुन्हा आडवी. मग आमच्या ह्यांची हाक, "चहा झाला काऽऽ?" प्रेत म्हणायचं, "ओऽ, ठेवते!" शेवटी मी तिच्या कानात कापूस घातला, आणि ती छान मेली. अगदी मन लावून.

पण ऑडिशनला कापूस चालत नाही ना. ती पडली, हलली नाही, डोळा फडफडला नाही. बाई खूश झाल्या. मित्राचं काम करणारा मुलगा तिच्याजवळ गुडघे टेकून बसला आणि गळा काढून म्हणाला, "मित्रा, अरे मित्रा! फक्त एकदा मला ओ दे!"

आता तुम्हीच सांगा. इतक्या कळवळून कोणी मागितल्यावर?

"ओ," प्रेत म्हणालं.

बाईंनी कपाळाला हात लावला. "अगं, मेलेल्याने ओ द्यायची नसते!"

"हो बाई," आमची उठून बसत म्हणाली, "पण तो हाक मारत होता ना!"

त्या दिवशी ती घरी आली ती सरळ आतल्या खोलीत गेली. मी मागोमाग गेले. चार वर्षांत पहिल्यांदा तिचा चेहरा उतरलेला बघितला. म्हणाली, "आजी, मला मरायलासुद्धा येत नाही." मला आधी हसू फुटलं, आणि मग तिचा चेहरा बघून ते आवरलं. मी तिला जवळ घेतलं. म्हटलं, "पुढच्या वर्षी बघू." तर म्हणाली, "पुढचं वर्ष शेवटचं. दहावीला नाटकात घेत नाहीत."

मी शाळा पहिलीतच सोडलेली बाई. वाचायला तर पाट्या आणि नातीची पुस्तकं बघून बघून शिकले, नाटकातलं मला काय कळणार? पण पोरीने सोडलं नाही, तर आपण का सोडायचं? नववीच्या नाटकाचे कागद तिने आणले, तेव्हा मी चष्मा लावून सगळं वाचून काढलं. एक मुलगी रानात वाट चुकते. खूप फिरते, दमते, आणि मग अंधारात हाक मारते, "कोणी आहे का तिकडेऽऽ?" कोणी उत्तर देत नाही. मग तिला कळतं, आपण एकट्या आहोत. ती खाली बसते. पुढे मग रानातले प्राणी येतात, वगैरे. ससा, अस्वल, नेहमीचीच मंडळी.

मी म्हटलं, "बाय, ह्यात तू हाक मारणार. ओ द्यायची नाहीस, मारायची आहेस. हे काम तुझंच."

ती म्हणाली, "सगळ्यांना तेच हवंय आजी. लाइन लागेल."

खरंच लाइन लागली होती म्हणे. वर्गातल्या भल्याभल्या मुली, भाषणात बक्षिसं घेतलेल्या. प्रत्येकीने हाक मारली. कोणी गोड मारली, कोणी हातवारे करून. हाक मारायची आणि लगेच पुढचं वाक्य म्हणायचं, "अरेरे, कोणीच नाही!" आमची उभी राहिली. तिने हाक मारली. आणि थांबली.

थांबलीच. कान दिला. मान जराशी वळवली. पुन्हा कान दिला. बाई वाट बघतायत, मुली वाट बघतायत, ही पुढचं बोलतच नाही. एक मुलगी म्हणाली, "बाई, ही विसरली." तर बाईंनी तिलाच गप्प केलं. वर्गात इतकी शांतता झाली, की सगळ्याच ऐकायला लागल्या, कुठून काही येतंय का. मग हळूच आमची म्हणाली, "कोणीच नाही."

बाईंनी विचारलं, "एवढी का थांबलीस?"

ती म्हणाली, "बाई, हाक मारल्यावर ओ यायला वेळ लागतो ना. माणूस लांब असेल तर?"

काम तिला मिळालं! मुख्य काम! संध्याकाळी तिने खालूनच हाक मारून सांगितलं, आणि सगळ्या मजल्यांवरून अशी ओ आली की कबुतरं उडाली. दिराने पेढे आणले, जावेने घावन घातले. जेवताना आमचे हे म्हणाले, "आता आपण सगळ्यांनी जायचं नाटकाला. एक पण माणूस घरी राहायचा नाय."

आणि माझ्या हातातला घास हातातच राहिला.

तुमच्या आलंच असेल लक्षात. पोरगी स्टेजवर हाक मारणार, "कोणी आहे का तिकडे?" कोणीही उत्तर द्यायचं नाही, त्यावरच सगळं नाटक. आणि समोर बसणार कोण? आमचं अख्खं खानदान.

नातीच्याही ते लक्षात आलं होतं. रात्री माझ्या शेजारी पडून म्हणाली, "आजी, त्यांना सांगशील ना? फक्त तेवढा वेळ. तेवढा वेळ कोणी ओ दिली नाही पाहिजे. पाच वर्षं झाली गं आजी."

मी म्हटलं, "तू झोप. ते माझ्यावर सोड."

मग मी मजल्यामजल्यावर फिरले. सगळ्यांना समजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. जाऊ म्हणाली, "जल्लं, आमी काय येडे हाव काय? नाटक हाय ते कळतं आमाला." तिचं वाक्य संपतंय तोवर खालून कोणीतरी "अरे पिंट्याऽऽ" म्हणून हाक मारली आणि ती म्हणाली, "ओऽऽ!" आमच्या बिल्डिंगमध्ये पिंट्या नावाचं कोणीही नाही.

तेव्हा मला कळलं, सांगून उपयोग नाही. हे डोक्यातलं काम नाहीच, हे थेट कानातून तोंडात उतरतं. म्हणजे बंदोबस्त तोंडाचा करायला हवा.

मी चिक्की केली. शेंगदाण्याची, गुळाची. चिक्कीचा पाक मी नेहमी बेताचा घेते, पण ह्या वेळी आटू दिला, आटू दिला. थेंब पाण्यात टाकला तर वाटीच्या तळाशी टणकन वाजला. अशी चिक्की झाली, की तोंडात घेतली तर दात एकमेकांना सोडायचे नाहीत. आमच्या ह्यांच्यावर प्रयोग करून बघितला. किती वेळ ते नुसते बोटाने खुणा करत होते. घरात अशी शांतता मी लग्नापासून पाहिली नव्हती. सून म्हणाली, "आई, ही चिक्की रोज करत जा."

नाटकाच्या दिवशी सभागृहात आम्ही दोन रांगा भरून बसलो. पिशवी माझ्या मांडीवर. नात स्टेजवर आली. घागरा, हातात काठी, केसांत कुठूनशी दोन पानं. झाडाच्या वेळची असतील. बोलायला लागली आणि माझे डोळेच भरले. एक वाक्य मागत होती पोरगी, आता पानंच्या पानं बोलत होती. शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट, माइकची गरज नाही. मग ती रानात शिरली, दिवे निळे झाले. मी पिशवी उघडली. चिक्की दोन्ही बाजूंना गेली. दिराने घेतली, जावेने घेतली, ह्यांनी दोन तुकडे घेतले. कटाकट आवाज झाले आणि बंद झाले. मी मान वळवून सगळ्यांकडे बघितलं. सगळी तोंडं बंद. गाल फुगलेले. फत्ते!

स्टेजवर ती थांबली. दोन्ही हात तोंडाशी नेले, अगदी बांधावरून मारावी तशी हाक मारली.

"कोणी आहे का तिकडेऽऽऽ?"

आणि थांबली.

काय शांतता होती सांगू! सगळं सभागृह कान देऊन बसलेलं. आमची दोन रांगांची फौज, हूं नाही की चूं नाही. आणि त्या शांततेत, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, मोकळी, खणखणीत ओ गेली.

"ओऽऽऽ, बाय!"

मी कोण ते बघायला वळले. तर सगळे माझ्याकडे बघत होते.

मी चिक्की खाल्लीच नव्हती. खाणार कशी? मला कवळी आहे. सगळ्यांच्या तोंडाचा बंदोबस्त केला, आणि स्वतःचं तोंड मोकळं ठेवून पहिल्या रांगेत बसले होते.

लोक हसायला लागले. मागून शिट्टी आली. वाटलं, संपलं. पाच वर्षं पोरगी थांबली आणि तिच्या वाट्याची ती एक जागा मी खाल्ली. स्टेजच्या कडेला नाटकाच्या बाई दिसत होत्या, त्यांचा हात पुन्हा कपाळाला.

पण नात हलली नाही. हसली नाही, रडली नाही. ती अंधारात माझ्या दिशेने बघत राहिली. एक पाऊल पुढे आली. आणि आवाज एकदम बारीक करून, त्या सहावीतल्या कुजबुजीत, पण सगळ्यांना कळेल असं म्हणाली, "आजी...? अगं आजी, पण तू तर कधीच मेलीस ना?"

सभागृह फुटलं! लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी. मी उठून सांगणारच होते, की अगं, मी जिवंत आहे, ही काय बसले आहे. पण जावेने माझा हात ओढला. तिला बोलता येत नव्हतं, नुसती "म्म्म! म्म्म!" करत होती. आमचे हे इतके हसत होते की चिक्की घशात जाते की काय अशी भीती वाटली.

आणि मग स्टेजवर ती खाली बसली. हसणं ओसरेपर्यंत तशीच बसून राहिली. मग पुटपुटली, "म्हणजे खरंच कोणी नाही." आणि सभागृह असं गप्प झालं, की माझ्याच अंगावर काटा आला. मी मेले आणि ही पोरगी रानात एकटी राहिली, असं मला स्वतःलाच वाटलं आणि मी पदर डोळ्यांना लावला.

टाळ्या किती पडल्या ते सांगत नाही. आजीने सांगायचं नसतं.

नाटकानंतर बाई धावत आमच्याकडे आल्या. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. तर म्हणाल्या, "आजी, उद्या लहान वर्गांच्या पालकांसाठी पुन्हा प्रयोग आहे. ती ओ ठेवूया का? तुम्ही भुताची ओ द्याल?"

मी "हो" म्हणणार, तेवढ्यात नात मध्ये आली. "बाई, असं कसं? ऑडिशन घ्या ना."

"अगं, तुझी आजी आहे," सून म्हणाली.

"म्हणून काय झालं? मी सगळ्या दिल्या."

दुसऱ्या दिवशी प्रयोगाच्या आधी रिकाम्या वर्गात माझी ऑडिशन झाली. नातीने हाक मारली. मी दिली, "ओऽऽ!"

बाई म्हणाल्या, "आजी, तुम्ही मेलेल्या आहात. जरा लांबून आल्यासारखी द्या."

मी उठून व्हरांड्याच्या टोकाला गेले आणि तिथून दिली.

"नाही आजी, आवाजाने लांब जा. पायांनी नको."

पुन्हा हाक झाली. ह्या वेळी मी आवाज बारीक केला, मान वाकडी केली, डोळे मिटले. सगळं छान जमलं होतं. पण तोंडातून "ओऽ" च्या मागोमाग निघून गेलं, "काय गो बाय, जेवलीस का?"

बाईंनी नातीकडे बघितलं. नातीने माझ्याकडे बघितलं. मी समजले.

बाई म्हणाल्या, "आजी, फार खरं होतंय. पण भूत वाटत नाही."

नातीने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आजी, मनाला लावून घेऊ नकोस. पहिल्यांदा कोणाचंच होत नाही." आणि मग हळूच, "तुला झाड व्हायचं असेल तर विचारते."

प्रयोग मग कागदात होता तसाच ठरला, बिनउत्तराचा. मी आता दुसऱ्या रांगेत बसले. आमचं खानदान पुन्हा दोन रांगा भरून, पुन्हा चिक्की. ह्या वेळी मी पिशवी आधी दुसऱ्यांकडे सरकवली नाही. पहिला तुकडा मीच तोंडात टाकला, कवळीसकट काय व्हायचं ते होऊ दे म्हणून.

"कोणी आहे का तिकडेऽऽऽ?"

शांतता. माझ्या पोटातून ओ उठली, गळ्यापर्यंत आली, आणि चिक्कीवर आदळून परत गेली. आदल्या दिवशी मी ऐकलंच नव्हतं बघा, ही पोरगी थांबते म्हणजे काय करते ते. ती खरंच वाट बघत होती. लांबून, खाडीच्या पलीकडून कोणी ओ देईल, म्हणून मान तिरकी करून उभी होती.

तोंड बंद होतं, पण राहवेना. मी हात वर केला. वारा उलटा असला की करतात तसा. माझ्या शेजारी ह्यांचा हात वर गेला. मग जावेचा, दिराचा, सुनेचा. अंधारात दोन रांगा हात वर करून गप्प बसल्या.

तिने बघितलं की नाही, मला कळलं नाही. पण ती थांबायची त्यापेक्षा जराशी जास्त थांबली. मग म्हणाली, "कोणीच नाही," आणि खाली बसली.

तेवढ्यात मागच्या रांगेतल्या बाईंनी माझ्या पाठीला बोट लावलं. "अहो आजी! अहो आजी, हात खाली घ्या ना, आमचं बाळ ससा झालंय, दिसत नाही."

आता ती हाक होती हो, थेट मला मारलेली. मी वळून ओ द्यायला गेले, तोंड उघडलं, आणि चिक्की, कवळी, सगळं एकदमच त्या बाईंच्या मांडीवर जाऊन पडलं.

पण ओ दिली मी. दातांशिवाय दिली.